चव्वेचाळीसशे सतराचा शेवट

"हे बघा काका, अगदी सोपं आहे," नव्या मॅडम म्हणाल्या, आणि नेमके तिथूनच खळकाकांना काही कळेनासे झाले.

मॅडम पुस्तकबांधणीच्या खोलीत एका उलट्या खोक्यावर बसल्या होत्या. शेजारी खळीचे पातेले, समोर लोखंडी दाबयंत्र, भिंतीला टेकून पुठ्ठ्यांची चळत. वाचनालयाचा आधीचा ग्रंथपाल तीस वर्षांत या खोलीत तीनदा आला असेल, तोही छत गळले म्हणून. मॅडमना येऊन दोन महिने झाले होते आणि ही त्यांची पाचवी फेरी होती.

"रहस्यकथा म्हणजे, कुणी केलं ते शेवटी कळतं," मॅडमनी एक बोट उभे केले. "आणि थरारकथा म्हणजे, कुणी केलं, काय होणार, ते आपल्याला आधीच ठाऊक असतं. पण आतल्या माणसाला ठाऊक नसतं. म्हणून आपला जीव टांगणीला लागतो. बस्स, एवढाच फरक."

"आतल्या माणसाला म्हणजे?"

"गोष्टीतल्या."

"आणि आपण म्हणजे कोण?"

"वाचणारे."

"मी नाही हो वाचत," खळकाका म्हणाले.

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिले. एकतीस वर्षे वाचनालयात काढलेला माणूस असे म्हणाला, तर तो चेष्टा करतो आहे की काय, असे कुणालाही वाटेल. पण खळकाकांची चेष्टा करायची पद्धत वेगळी होती आणि ती ते सकाळी अकराच्या आत करत नसत.

खरे होते ते. फाटलेली पुस्तके शिवणे, पुठ्ठा घालणे, पाठीवर पांढऱ्या रंगाने क्रमांक घालणे हे त्यांचे काम. चोवीस तास हाताला खळ, म्हणून नाव खळकाका. खरे नाव हजेरीपटावर होते आणि तिथेच सुखी होते. पुस्तके ते क्रमांकाने ओळखत. "बाविसशे नऊचा पुठ्ठा पुन्हा सुटला," असे ते एखाद्या नातेवाइकाच्या गुडघ्याबद्दल बोलावे तसे बोलत. आतला मजकूर त्यांच्या नजरेखालून जाई तो पाने जुळवण्यापुरता. एका पानाच्या तळाशी बाई किंचाळली आणि पुढच्याच्या माथ्यावर कुणी तरी हसले, म्हणजे मधले पान गेले. बाई का किंचाळली याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते. अशा शेकडो बायांची किंकाळी त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखी केली होती.

आता वाचनालयाची यादी संगणकावर चढायची होती. 'रहस्यकथा' अशी पाटी असलेल्या कपाटात तीनशे बारा पुस्तके होती आणि संगणकाला ती पाटी पुरत नव्हती. प्रत्येक पुस्तकापुढे एकच शब्द हवा, रहस्यकथा की थरारकथा. महिनाअखेरीची मुदत होती.

"सगळी पुस्तकं तुमच्या हातून गेलीयत काका. तुम्ही नुसती चाळा, आणि चिठ्ठी घाला. र नाहीतर थ."

"आणि दोन्ही असेल तर?"

"एकच शब्द," मॅडम उठत म्हणाल्या. "तो रकाना एकच घेतो."

खळकाकांनी पहिल्या दिवशी एकोणीस पुस्तके चाळली आणि डोके धरले. एकात खून पहिल्याच पानावर होता, खुनीही तिथेच उभा होता, पण शेवटी तो खुनी नव्हताच असे निघाले. मग वाचणाऱ्याला आधीच ठाऊक होते ते काय? दुसऱ्यात कुणीच मेले नाही. एक माणूस दोनशे पाने नुसता पळत होता. त्यांनी र आणि थ अशा दोन चळती मांडल्या होत्या. संध्याकाळी त्यांच्यामध्ये तिसरी चळत उभी राहिली आणि ती त्या दोघींहून उंच होती. तिच्यावर त्यांनी चिठ्ठी ठेवली, ग. गोंधळाचा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी देवघेवीच्या खिडकीवरच्या कारकुनाला विचारले. याला सगळे शिक्का म्हणत, कारण तो बोलतानाही मध्येच टेबलावर मूठ आपटे.

"यात काय कळायचंय?" शिक्का म्हणाला. "दुसऱ्या दिवशी परत आलं तर थरारकथा. पंधरा दिवसांनी आलं तर रहस्यकथा. आणि आलंच नाही तर पाकशास्त्र."

खिडकीपाशी निवृत्त गणितमास्तर उभे होते. ते त्या कपाटाबाहेरचे काही वाचत नसत आणि ते संपले की पहिल्यापासून सुरू करत. "चहा गार झाला तर थरारकथा," ते म्हणाले. "रहस्यकथेत माणूस मधे थांबून विचार करतो, तेव्हा घोट घेता येतो. माझ्या सुनेला विचारा, तिला चहाच्या कपावरनं कळतं मी काय वाचतोय."

खळकाका खोलीत परतले आणि पुस्तकांच्या पाठी बघत बसले. त्यांनाही एक खूण सापडली, ती त्यांच्या धंद्यातली. काही पुस्तकांची शेवटची पाने सुटलेली असत, कारण लोकांना धीर नसतो, ते आधी शेवट उघडून बघतात. ती रहस्यकथा असणार. काही पुस्तकांची पाठ मधोमध मोडलेली असे, दोन्ही हातांनी घट्ट आवळून वाचल्यामुळे. ती थरारकथा. आत न डोकावताही त्यांनी या हिशेबाने साठ पुस्तके लावली, मॅडमनी त्यांतली दहा तपासली आणि नऊ बरोबर निघाली. मॅडमनी तोंडात बोट घातले. खळकाकांना बरे वाटले. गोंधळाची चळत खाली येऊ लागली.

मग हातात चव्वेचाळीसशे सतरा आले, आणि ते त्यांनी न चाळता थच्या चळतीवर ठेवले.

कारण कपाटातली ही एकच गोष्ट त्यांना पुरती ठाऊक होती. तिचा शेवट त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला होता.

शेवटची पाने गळलेले पुस्तक आले की दुसरीकडून प्रत मिळवायची, गळलेला मजकूर शाईने उतरवायचा आणि शिवायचा, ही इथली जुनी पद्धत. खाली शिक्का मारायचा, 'मूळ प्रतीवरून शब्दशः उतरवले', आणि सही करायची. खळकाकांचे अक्षर छापल्यासारखे. एकतीस वर्षांत अशी शंभरावर पाने त्यांनी उतरवली होती आणि त्यांत एक काना इकडचा तिकडे झालेला कुणी दाखवला नव्हता. आपला अभिमान म्हणून त्यांच्याजवळ जे काही होते, ते एवढेच होते.

नऊ वर्षांपूर्वी चव्वेचाळीसशे सतराची शेवटची दोन पाने गेली. प्रकाशक बंद पडलेला, दुसरी प्रत कुठे मिळेना. खिडकीवर रोज भांडणे. तेव्हाचे ग्रंथपाल म्हणाले, पाने लावा नाहीतर पुस्तक बाद करा. खळकाकांनी जेवताना ही रड बायकोला सांगितली. ती वाचनालयाची सभासद, क्रमांक दोनशे आठ. दर शनिवारी स्वतः येऊन पुस्तक बदलून न्यायची आणि नवऱ्याला मागच्या खोलीत हाक मारून जायची.

"चव्वेचाळीसशे सतरा म्हणजे ते ना, घड्याळवाला नवरा, वरच्या मजल्यावर भाडेकरू?" ती म्हणाली. "वाचलंय मी. शेवट पाठ आहे मला. घ्या लिहून."

"शब्द न् शब्द?"

"माझं डोकं काय तुमच्यासारखं खळीचं आहे का? घ्या."

तिचे पाठांतर घरात प्रसिद्ध होते. किराणावाला काय म्हणाला ते ती त्याच्या खोकल्यासकट सांगायची. शिवाय तिने सांगितले आणि ते चुकीचे निघाले, असे लग्नानंतर घडल्याचे खळकाकांना आठवत नव्हते. त्यांनी दोन कोरी पाने पुढ्यात घेतली. तिने आधी सगळी गोष्ट थोडक्यात ऐकवली, मग शेवट सांगू लागली. काम करताना शीळ घालायची त्यांना तेव्हा सवय होती. ते शीळ घालत लिहीत होते. ती मध्येच थांबे, जरा वेळ नुसती बघत बसे. आठवत असेल, असे त्यांना वाटले.

छापील मजकूर 'तिने दार ढकलले आणि' इथे तुटला होता. दुसऱ्या पानाच्या शेवटी त्यांनी लिहिले ते असे होते:

'आता तिला सगळे ठाऊक होते. खाली नवरा घड्याळ उघडून बसला होता आणि शीळ घालत होता. त्याला काहीच ठाऊक नव्हते. ती जिन्याच्या पायरीवर बसली. सांगायचे तर होतेच. पण आत्ता नको, असे तिने ठरवले. त्याची शीळ संपू दे, मग सांगू. आणि ती ऐकत बसली.'

"पुढे?" त्यांनी टाक उचलून विचारले होते.

"पुढे काही नाही. संपली."

"असा कसा शेवट? भाडेकरूला पकडतात की नाही?"

"थरारकथेचा असाच असतो. तुम्हाला नाही कळायचं. शाई वाळू द्या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाने शिवली आणि त्यांवर शिक्का मारला. हात सवयीने चालला. तिच्या तोंडून घेतले म्हणजे मूळ प्रतीवरून घेतल्यासारखेच, असे त्यांनी धरले. सही केली. पुस्तक कपाटात गेले आणि नऊ वर्षे कुणी हूं की चूं केले नाही.

तीन दिवसांनी मॅडम खोलीत आल्या, पण खोक्यावर बसल्या नाहीत. त्यांच्या एका हातात चव्वेचाळीसशे सतरा आणि दुसऱ्या हातात तेच पुस्तक नव्या कोऱ्या कव्हरात. त्याची नवी आवृत्ती निघाली होती आणि दुसऱ्या एका वाचनालयाने ती यादी जुळवण्यासाठी उसनी दिली होती.

"काका, तुम्ही याला थ दिलाय."

"मग? भाडेकरूनं खून केलाय ते तिसऱ्याच प्रकरणात कळतं. आतल्या बाईला ठाऊक नसतं. तुम्हीच तर सांगितलं."

"पण त्यानं केलेलाच नाही. तो गुप्त पोलीस असतो. खून तिच्या दिरानं केलेला असतो. हे बघा." त्यांनी नव्या प्रतीची शेवटची दोन पाने उघडून दाखवली. "ही रहस्यकथा आहे. त्यांनीही तसंच नोंदवलंय. तुमचा शेवट... म्हणजे हा जो शेवट आहे, तो इथं कुठंच नाही."

खळकाकांनी दोन्ही पाने वाचली. बोट ठेवून, हळू, पाने जुळवताना वाचत तशी. जुळत नव्हती. एकही ओळ जुळत नव्हती.

"आवृत्ती बदलली असेल."

"मीही तेच म्हटलं. पण बाकीचं पुस्तक अक्षर न् अक्षर तेच आहे." मॅडमनी हस्ताक्षरातल्या पानावर बोट ठेवले. "आणि अख्ख्या पुस्तकात घड्याळवाला कुठंही शीळ घालत नाही, काका. फक्त तुमच्या पानावर घालतो."

खळकाकांनी आपले पान पुन्हा जवळ ओढून पाहिले.

"मला वाईट वाटतंय म्हणायला. पण हे पान खोटं आहे. आणि त्याच्यावर शिक्का आहे."

त्या गेल्यावर खळकाका पातेल्यातली खळ उगाचच ढवळत बसले. खोटे. एकतीस वर्षांत या खोलीत हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. आधी त्यांना लाज वाटली, मग तिच्या वतीने भांडावेसे वाटले, आणि मग काहीच समजेना. ती विसरली? ती विसरणाऱ्यातली नव्हती. दुसऱ्याच एखाद्या पुस्तकाचा शेवट याला चिकटवला? पण घड्याळवाला होता, जिना होता, दार ढकललेले होते. आपली फजिती करायला? पण फजिती केली असती तर ती नंतर हसली असती. तिला हसू दाबता येत नसे. की ज्या रोगात ती पुढे गेली, तो तेव्हाच डोक्यापर्यंत पोचला होता? नाही, तेव्हा कुठला रोग. तो तर पुढच्या महिन्यात कळला. ती नीट होती तेव्हा. हिंडत होती, भांडत होती. त्यांना आठवले की त्याच आठवड्यात छत्री हरवल्यावरून दोघांची चांगली जुंपली होती.

विचार करकरून ते दमले तेव्हा त्यांनी जे येते ते करायला घेतले. त्यांनी पुस्तक उघडून शेवटच्या पुठ्ठ्याच्या आत डकवलेली तारखेची चिठ्ठी पाहिली. पुस्तक नेले की खिडकीवर त्या चिठ्ठीवर तारीख आणि सभासद क्रमांक पडे. चिठ्ठी भरली की खळकाका नवी डकवत. पण जुनी फाडून नव्हे, तिच्यावरच. ही त्यांची स्वतःची रीत, पुठ्ठ्याला बळकटी येते म्हणून. त्या चिठ्ठ्यांचा थर आता पुठ्ठ्याएवढा जाड झाला होता.

त्यांनी ओला बोळा ठेवला आणि सुरीच्या बोथट बाजूने एकेक चिठ्ठी सोडवली. चार, पाच, सहा. टेबलावर वाळत घातल्या. सगळ्यांत तळाची चिठ्ठी पुस्तक ज्या वर्षी आले त्या वर्षाची होती. त्यांनी वरपासून खालपर्यंत दोनशे आठ शोधले.

एकदाच सापडले. नऊ वर्षांपूर्वी, महिन्याच्या अकरा तारखेला.

मग त्यांनी दुरुस्तीची जुनी वही काढली. त्याच महिन्याच्या दोन तारखेला त्यांच्याच छापील अक्षरात लिहिलेले होते, 'चव्वेचाळीसशे सतरा, शेवटची दोन पाने नाहीत.' आणि एकवीस तारखेला, 'पाने उतरवून शिवली.'

तिने पुस्तक नेले तेव्हा त्याला शेवट नव्हताच. तिने तो कधी वाचलाच नव्हता.

ते चिठ्ठी हातात घेऊन खिडकीवर गेले. "शेवटची पानं नसताना हे पुस्तक लोकांना देत होतास तू?"

"लोक ऐकायचे कुठं?" शिक्का म्हणाला. "पण मी प्रत्येकाला सांगून द्यायचो, की बाबा, शेवट नाही याला. कुणी घ्यायचं, कुणी ठेवून द्यायचं."

"आमच्या हिलाही सांगितलंस?"

शिक्क्याने चिठ्ठी पाहिली. मूठ आपटायची विसरला तो. "वहिनींना सांगितलंच असणार. हो, आठवतंय की. म्हटलं, वहिनी, शेवट नाही. तर म्हणाल्या, तेच द्या."

खळकाका त्या दिवशी बस सोडून चालत घरी गेले. घरी पोचल्यावर त्यांनी बूट काढायच्या आधी लेकीला फोन लावला. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत होती आणि या वेळेला शाळेच्या वह्या तपासत असे.

"आईचा रिपोर्ट कधी आला होता ग?"

"बाबा? आज काय मधेच?"

"सांग तर."

"तुम्हाला माहितीय ना. तीन तारखेला..."

"मला तीनला सांगितलं तिनं. आला कधी?"

पलीकडे वह्यांची चाळवाचाळव थांबली. तिच्याकडचा पंखा ऐकू येत होता. "आधीच्या महिन्यात," ती म्हणाली. "नऊ तारखेला. तिनं एकटीनंच आणला. मला दुसऱ्या दिवशी फोन केला, पण शपथ घातली, बाबा. म्हणाली, थोडे दिवस राहू दे त्यांना तसंच. चिडलात?"

"नाही," खळकाका म्हणाले, आणि ते खरे आहे का, ते त्यांचे त्यांनाच कळले नाही.

नऊ तारखेला रिपोर्ट. अकराला पुस्तक, शेवट नसलेले, मागून घेतलेले. विसाला ती समोर बसून शेवट सांगत होती आणि ते शीळ घालत लिहीत होते. तीनला तिने सांगितले. म्हणजे मधले साडेतीन आठवडे तिला ठाऊक होते. लेकीला ठाऊक होते. दवाखान्यातल्या पाच-सात अनोळखी माणसांनाही ठाऊक होते. आत एकटे खळकाकाच होते, छत्रीवरून भांडत.

त्यांना राग आला. खूप आला. एवढे मोठे ओझे तिने एकटीने उचलले आणि आपल्याला हातसुद्धा लावू दिला नाही, याचा आला. मग त्यांनी ते साडेतीन आठवडे आठवून पाहिले. एका रविवारी दोघे बागेत गेले होते. नवा पडदा लावला, तो वाकडा बसला म्हणून ती स्टुलावर उभी राहून हसली होती. तीन तारखेनंतर तसा एकही दिवस आला नाही. तिने चोरले होते की दिले होते, हे ठरवता येईना. मॅडमसारखा एकच शब्द मागितला असता कुणी, तर त्यांना तो देता आला नसता.

आणि तिने सांगितले नव्हते असे तरी कसे म्हणायचे? तिने सांगितले होते. त्यांच्याच हाताने लिहून घेतले होते. वर त्यांनी शिक्का मारला होता.

दुसऱ्या दिवशी ते मॅडमच्या टेबलासमोर उभे राहिले. बसा म्हटले तरी बसले नाहीत. "ते पान माझ्या बायकोचं आहे," ते म्हणाले. "तिनं रचलंय. मला ठाऊक नव्हतं, मी शिक्का मारला. चूक माझी. तुम्ही लिहून घ्या."

मग त्यांनी तारखा सांगितल्या. सगळ्या, क्रमाने, वहीत वाचून दाखवावे तशा. मॅडमनी मध्ये एकदाच चष्मा काढला आणि पुसून पुन्हा लावला.

"काका, नियम असा आहे की खरा शेवट लावायला हवा," त्या म्हणाल्या. त्यांनी नव्या प्रतीवरून काढलेली दोन झेरॉक्स पाने पुढे सरकवली. "आणि काढलेली पानं रद्दीत."

"हो."

"म्हणजे, रद्दीत टाकली अशी नोंद करायची. टाकल्यावर ती कुठं जातात ते काही कुणी नोंदवत नाही."

खळकाकांनी मान हलवली. दाराशी जाऊन ते वळले. "तुम्ही सांगितलं होतं ना, आतल्या माणसाला ठाऊक नसतं ते. ते बरोबर आहे. पण त्याला पुढे कधी कळलं तर त्या गोष्टीला काय म्हणायचं, तेवढं विचारायचं होतं."

मॅडमनी हातातले पेन खाली ठेवले. "मला नाही माहीत," त्या म्हणाल्या. दोन महिन्यांत पहिल्यांदाच.

खोलीत येऊन त्यांनी चव्वेचाळीसशे सतराची शिवण उसवली. हस्ताक्षराची दोन पाने अलगद काढून बाजूला ठेवली, झेरॉक्स पाने बसवली, शिवली. दीर खुनी ठरला. भाडेकरू पोलीस झाला. त्यांनी चिठ्ठीवर र घातला आणि पुस्तक दाबयंत्रात ठेवले. जे खरे ते खरे.

मग त्यांनी ती दोन पाने पुढे ओढली. शिक्क्यावर लाल शाईने सरळ रेघ मारली, सही केलेली होती तीही खोडली आणि खाली लहान अक्षरांत लिहिले, 'सभासद क्रमांक दोनशे आठ हिने सांगितले.' दोन पानांना पुठ्ठा घालायचा वेडेपणा एकतीस वर्षांत त्यांनी केला नव्हता. आता केला. निळे कापड लावले. पुस्तकापेक्षा पुठ्ठाच जाड झाला. पाठ एवढी अरुंद की तिच्यावर क्रमांकही मावेना. आत मागच्या बाजूला त्यांनी तारखेची कोरी चिठ्ठी डकवली आणि तिच्या डोक्यावर थ लिहिला.

खळ वाळायला अर्धा तास तरी लागणार होता. दुपारचे तीन वाजले होते. ते पाने उघडी धरून वाचू लागले, या वेळी जुळवायला नव्हे. वाचता वाचता कधी तरी ओठांतून हवा निघाली. नऊ वर्षांत सवय गेली होती, पहिला सूर फाटका आला. मग दुसरा नीट लागला. बाहेर खिडकीवर शिक्का तारीख मारता मारता थांबला.

ते शेवटाशी आले. त्याची शीळ संपू दे, मग सांगू.

शीळ संपत आली होती. खळकाकांनी एक श्वास घेतला आणि ती पुन्हा पहिल्यापासून धरली.